पुठ्ठ्यावरची पाठमोरी बाई

ज्या प्रदर्शनाविषयी मी लिहिते आहे ते मी पाहिलेलं नाही. त्यात माझं एक चित्र होतं, तरीही नाही. दसरा उलटतो, पाऊस काढता पाय घेतो आणि आश्विनातलं चिकट, पिवळं ऊन रावेतच्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत येऊन बसतं, तेव्हा दर वर्षी मी ती खोली डोळ्यांपुढे उभी करते. पिंपरी स्टेशनासमोर एका फोटो स्टुडिओची माडी, माडीवर लांबट खोली, भिंतींना ताजा चुना. विटांवर फळ्या टाकलेल्या आणि फळ्यांवर निळी भांडी. हे सगळं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. इतक्या वेळा मनात फिरून आले आहे तिथे, की आता जिना चढताना कोणती पायरी करकरते तेही सांगू शकेन. ती पायरीही मीच रचलेली असणार.

लग्न होऊन मी पिंपरीत आले ती एकोणीसशे पन्नासच्या दशकातली मधली वर्षं. माहेर चिपळूणच्या अलीकडचं. तिथे घराला दार असतं ते रात्री लावायला, एवढंच मला माहीत. आमचं बिऱ्हाड कासारवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका शेतकऱ्याने नव्याने बांधलेल्या चाळीत. तीन खोल्यांची पत्र्याची चाळ. एकीत आम्ही, एकीत मालकांचा कडबा, एक रिकामी. मागे बांध, बांधावर बाभळ, पलीकडे ओढा आणि मग काढणीला आलेली बाजरी. हे औषधांच्या कारखान्यात पाळीवर जात. वारा फिरला की कारखान्याकडून आंबूस वास यायचा, इडलीचं पीठ फार फुगल्यावर येतो तसा. पहिले काही दिवस त्या वासाने मला जेवण जाईना. मग तो वास आला नाही की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

घरात आम्ही तिघं. हे, मी आणि सासूबाई. सासरे नव्हते, पण सासूबाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा मध्यस्थ म्हणाले होते, "असतात कुठेतरी." त्यापुढे कुणी विचारलं नाही.

चातुर्मासात सासूबाई मारुतीच्या देवळात पोथी ऐकायला जात. जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की त्या डोक्यावरून पदर घेत, छत्री उचलत आणि म्हणत, "पड जरा. आलेच मी." मग बाहेरून कुलूप लावत.

पहिल्या दिवशी मला वाटलं, सवयीने लागलं असेल. मी आतून हाक मारली, "आई, मी आत आहे."

"माहीत आहे गं," त्या दारापलीकडून शांतपणे म्हणाल्या. "असू दे. बरं असतं."

आणि त्यांची पावलं बांधावरून लांब गेली.

रात्री मी ह्यांना सांगितलं. ते सायकलच्या साखळीला तेल घालत बसले होते.

"आई बाहेरून कुलूप लावतात. मी घरात असताना."

"पोथीपुरतंच ना."

"पण का?"

त्यांनी चाक गरकन फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले. "तिला बरं वाटतं. तुझं त्यात काय बिघडतं?"

पत्रा तापायचा. पत्र्याखाली हवा उकळायची आणि घामाने पोलकं पाठीला चिकटायचं. संडास चाळीच्या मागे होता, म्हणून दुपारी पाणी बेताने प्यायचं हे मी कुणी न सांगता शिकले. तहान लागली की भांड्याला नुसते ओठ लावायचे. एकदा रस्त्यावर कुणीतरी "आग, आग" असं ओरडलं. कुणाच्या तरी कडब्याला लागली होती आणि लगेच विझलीही, पण तोवर मी दाराला दोन्ही तळवे लावून उभी होते. सासूबाई आल्यावर मी त्यांना हे बोलले नाही. त्यांनी पदराआडून माझ्यासाठी देवळातला प्रसाद काढला, मला पुढे बसवलं आणि माझ्या डोक्याला खोबरेल लावत राहिल्या. भाकरीचा पापुद्रा मऊ आला तर तो माझ्या ताटात पडायचा. मला ताप आला तेव्हा पोथी बुडवून त्या उशाशी बसल्या होत्या. त्या दुष्ट असत्या तर मी माहेरी निरोप धाडला असता. जीव लावणाऱ्या बाईची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून मी खिडकीशी बसू लागले. उभे लोखंडी गज, त्यापलीकडे बांध. माहेरी मी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पण रंगांची पेटी तिकडेच राहिली. कारखान्यातून हे औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे आणत, चूल पेटवायला. त्यातला एक मी बाजूला काढला. गेरू होता, नीळ होती, चुना होता, हळद होती, काजळाची डबी होती. बाभळीचा डिंक मालकीणबाईंनी खोकल्यासाठी दिलेला होता. नारळाच्या करवंट्यांत रंग कालवले आणि रोज दुपारी जे दिसे ते काढत गेले. कडक पांढरं ऊन, त्यात बांध, बांधावरून लांब जाणाऱ्या सासूबाई, डोक्यावर काळी छत्री. त्या दिसेनाशा होईपर्यंत जेवढा वेळ मिळे तेवढाच बघायला मिळायचा, म्हणून चित्र दिवसादिवसाने पुरं झालं. गज मी सगळ्यांत शेवटी काढले, काजळाने. ते काढले आणि तेव्हा मला कळलं की चित्र झालं. पुठ्ठा मी कडब्याच्या बाजूच्या भिंतीशी, धान्याच्या पिंपामागे ठेवायची.

ओढ्याच्या काठाची माती न्यायला निर्वासितांच्या छावणीतली एक बाई येत असे. पन्नाशीची, उंच, सलवार-कमीज घातलेली, डोक्यावर घमेलं. सगळे तिला अदी म्हणत. सिंधीत अदी म्हणजे ताई. छावणीत बायकांसाठी मातीकामाचा वर्ग निघाला होता, तिथे ती चाकावर बसायला शिकली आणि आता इतरांना शिकवत होती. मला रोज खिडकीत बघून एकदा ती थांबली.

"बेटी, तू रोज इकडेच बसते. बाहेर येत नाय?"

"कुलूप आहे."

"कोण लावला?"

"सासूबाईंनी."

अदीने घमेलं खाली ठेवलं. ओढणीने मान पुसली. "मारते काय तुला?"

"नाही हो. फार जीव लावतात."

तिने घमेलं पुन्हा उचललं. "मग तो जास्ती कठीण," ती म्हणाली.

त्यानंतर माती नेताना ती खिडकीखाली थोडी टेकू लागली. तिच्या सिंधमधल्या गावात कबरींवर, घुमटांवर निळ्या फरशा होत्या. तो निळा तिला भांड्यांवर आणायचा होता आणि तो येत नव्हता. भट्टीतून भांडं कधी हिरवट निघे, कधी राखेच्या रंगाचं. एक दिवस तिने एक लहानसा वाडगा गजांमधून आत दिला. त्याची चिनी मातीसारखी झिलई खिडकीच्या उजेडात चमकली. पहाटे नदीवर धुकं असताना पाणी दिसतं तसा तो निळा होता.

"जमला की तुम्हांला," मी म्हटलं.

"तो नाय हा," अदी म्हणाली. "हा इकडचा निळा आहे. आता हाच करते मी."

मग मी पिंपामागून माझा पुठ्ठा काढला. का काढला, सांगता येत नाही. तिने काहीतरी दाखवलं, आपणही दाखवावं, इतकंच असेल. तिने तो गजांबाहेर ओढून घेतला, हात लांब करून धरला आणि कितीतरी वेळ बघत उभी राहिली. स्टेशनासमोरच्या स्टुडिओवाल्या नगरकरांनी माडीवर चित्रांचं दालन काढलं होतं. त्यांचे पुण्यातले तीन-चार चित्रकार मित्र आणि अदीची भांडी असं प्रदर्शन दिवाळीच्या आधी लागणार होतं.

"मी घेऊन जाते," अदी म्हणाली. "खाली नाव काय लिहू?"

सासरचं माझं नाव शालिनी. चाळीत सगळे मला त्याच नावाने ओळखत. मी माहेरचं नाव सांगितलं. "कुंदा."

पुठ्ठा गेला आणि पिंपामागची जागा रिकामी झाली. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. उलट त्या दुपारी खोली आणखीच लहान झाली. माझं काहीतरी बाहेर गेलं होतं, माणसांत उभं होतं, आणि मी इथे पत्र्याखाली घाम पुसत होते. प्रदर्शन उघडल्यावर अदी रोज थोडंथोडं सांगायची. कारखान्यातले साहेब आले होते. शाळेतली मुलं रांगेने येऊन गेली. पुण्याच्या एका चित्रकाराचं नुसतं तांबडं चित्र बघून स्टेशनमास्तर फार वेळ उभे राहिले आणि मग गेले. "तुझा चित्र जिन्यासमोर लावला," ती म्हणाली. "वर आला की पहिला तोच दिसतो." मी खोदखोदून विचारायची. शेजारी कोणतं चित्र? उजेड कुठून येतो? तिथे उभं राहिल्यावर रस्त्यावरचा आवाज ऐकू येतो का? ती हसून म्हणायची, "येऊन बघ ना." मग दोघी कुलपाकडे बघायचो आणि विषय बदलायचो.

एकदा मी धीर करून सासूबाईंना म्हटलं, "स्टेशनाजवळ चित्रं लावली आहेत म्हणे. बघायला जाऊ या का?"

"गर्दी असेल," त्या म्हणाल्या. "दिवाळी होऊ दे."

दिवाळीला प्रदर्शन संपणार होतं.

मग एका दुपारी कुलूप नेहमीपेक्षा उशिरा वाजलं. दारात सासूबाई आणि त्यांच्यामागे चाळीच्या मालकीणबाई, पार्वताबाई. पोथीनंतर पार्वताबाईंनी त्यांना ओढून माडीवर नेलं होतं. फुकट आहे आणि वर पंखा आहे, एवढ्यासाठी. पार्वताबाई उंबऱ्यावरच बसल्या आणि पदराने वारा घेत सांगू लागल्या.

"अवो शालिनीबाई, काय सांगू. येक चित्र निस्तं तांबडं. मी त्या फोटोवाल्याला म्हनलं, ह्यात मानूस कुठं हाय? तर म्हनतो, मानूस बघनाऱ्याच्या मनात असतो. म्हनलं, मंग घरीच बसून बघितला असता की. आन् ते निळं गडवं. पानी भरायचं न्हाई म्हनं त्यात, निस्तं बघायचं." त्या जरा थांबल्या. "आन् जिन्याम्होरं तुमची खिडकी हाय बगा. ह्येच गज, आमचा बांध, आमची बाभळ. आन् बांधावर ह्या. पाठमोऱ्या, छत्रीसकट. मी लगीच वळखलं. ह्यांना म्हनलं, अवो तुमीच हाय ह्या. तर ह्या बोलंनात."

चित्राखालचं नाव दोघींनाही वाचता येत नव्हतं. वाचायची गरजही पडली नव्हती.

पार्वताबाई गेल्या. सासूबाईंनी छत्री कोपऱ्यात ठेवली, पायांवर पाणी घेतलं आणि चुलीपुढे बसल्या. चूल पेटवली नाही. मी भिंतीला टेकून उभी. मनात म्हटलं, आता माहेरी पाठवतील. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, मला त्या विचाराने बरं वाटलं.

"तू काढलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला पाठमोरी का काढलीस?"

"तुम्ही जाता तेव्हा तशाच दिसता."

बाहेर बाजरीवर बसलेली पाखरं कुणीतरी डबा बडवून उडवत होतं.

"तेही पाठमोरेच दिसले होते मला," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांविषयी त्या माझ्याशी प्रथमच बोलत होत्या. गाव श्रीगोंद्याकडचं. अशीच दुपार. त्या भाकरी थापत होत्या, हे, तेव्हा लहान, शेजारी बसून पाटीवर काहीतरी गिरवत होते. सासरे उठले, दारातून बाहेर पडले. भांडण नव्हतं, बोलणं नव्हतं. त्या सहज दारात आल्या, तर ते वेशीकडे चाललेले पाठमोरे दिसले.

"हात पिठाचे होते माझे," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, हात धुवावे आणि मग हाक मारावी. हात धुऊन आले तर वेशीत कुणी नव्हतं." त्यांनी आपले तळहात उलटे करून बघितले. "दार उघडं होतं ना गं. उघडं नसतं तर थांबून सांगितलं तरी असतं, कुठे निघालो म्हणून."

मी चूल पेटवली आणि चहा टाकला. त्यांनी तो बशीत ओतून घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुलूप लावलं नाही. पण पोथीलाही गेल्या नाहीत. पार्वताबाई बोलवायला आल्या तर म्हणाल्या, "गुडघे धरलेत." आणि दिवसभर माझ्याभोवती राहिल्या. मी विहिरीवर गेले की त्या मागे, मी वाळवण घालायला गेले की त्या दारात. दिवाळी आली, पणत्या लागल्या आणि प्रदर्शन उतरलं.

भाऊबीज झाल्यावर अदी आली. या खेपेला खिडकीशी नाही, दारात. नगरकरांनी निरोप दिला होता. छावणीच्या वर्गात मुलींना भांड्यांवर नक्षी काढायला शिकवणारी कुणी हवी होती, आठवड्यातून काही दुपारी. माझं चित्र बघून ते म्हणाले होते, ही बाई मिळाली तर बघा. अदी हे सासूबाईंसमोरच बोलली, मुद्दाम.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे की. घरात बसून तरी काय करते."

मी गेले. शेतांमधून, रेल्वेचं फाटक ओलांडून, अदीच्या मागोमाग. हातात काही नव्हतं, पायांत वाऱ्यासारखं काहीतरी शिरलं होतं. वर्गात सातआठ मुली, ओल्या मातीचा गार वास, फिरणारं चाक. मी एका थाळीवर वेल काढून दाखवली. एक मुलगी म्हणाली, "टीचर, फिर से." मला तोवर टीचर कुणीच म्हटलं नव्हतं. संध्याकाळी घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. पार्वताबाईंनी मला बाजूला घेतलं.

"तुमी गेल्यापास्नं ह्या हितंच हायत. पान्याचा घोट न्हाई. मी म्हनलं आत चला, उन्हं लागत्यात. तर म्हनत्यात, दिसंल ना हितनं."

दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तसंच. त्या रागावल्या नाहीत. मला बघितलं की गुडघ्यावर हात टेकून उठत आणि विचारत, "दमलीस?" त्यांचे ओठ उन्हाने फुटले होते. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही तरी समजवा आईंना."

"काय समजावू?" हे म्हणाले. "तिने तुला अडवलंय का?"

नव्हतंच अडवलं. तिसऱ्यांदा मी निघाले ती फाटकापर्यंत गेले. गाडी यायची होती म्हणून फाटक बंद होतं. मी उभी राहिले आणि सारखी मागे बघत राहिले. तिथून चाळ दिसत नव्हती, पण उंबरा दिसत होता. गाडी गेली, फाटक उघडलं, बैलगाड्या हलल्या. मी वळले आणि घरी आले.

पुढे अदी एकदा येऊन गेली. "आता तर दरवाजा खुला आहे," ती हळूच म्हणाली.

"आहे," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. सासूबाई आमच्या दोघींसाठी चहाचं पाणी मोजून ठेवत होत्या. अदीने चहा घेतला, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गेली. वर्षभराने तिच्या मुलाला कल्याणकडे काम लागलं आणि ती माणसं इथून हलली. नगरकरांनी स्टुडिओ पुण्याला नेला. माझा पुठ्ठा त्यांच्याबरोबर गेला असेल, नाहीतर माडीवर राहून उंदरांनी खाल्ला असेल. मी चौकशी केली नाही. चौकशीलासुद्धा घराबाहेर पडावं लागतं.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. माझा मुलगा त्यांनीच वाढवला. त्या गेल्या तो भाद्रपद होता. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मुलगा शाळेत गेला, हे कामावर. दुपारी घरात मी एकटी होते आणि पुन्हा तेच आश्विनातलं ऊन पडलं होतं. उंबऱ्यात कुणी नव्हतं. मी उठले आणि चालायला लागले. फाटक उघडं होतं. ते ओलांडून मी स्टेशनावर गेले आणि फलाटावरच्या बाकावर बसले. कुठे जायचं होतं असं नाही. गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, पाळीला जाणारे कामगार जेवणाचे डबे हातात घेऊन पळत होते. मला फार मोकळं वाटेल असं मी इतकी वर्षं समजत होते. मी फक्त बसले होते. माझी वाट बघणारं कुणी नाही, हे मनाला सारखं सांगावं लागत होतं आणि ते पटत नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा हे फलाटाच्या टोकाकडून सायकल ढकलत येताना दिसले. टोपी कुठेतरी पडली होती, सदरा घामाने भिजला होता. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"दार उघडं होतं," ते म्हणाले. "मी सगळीकडे बघितलं. ओढ्यावर बघितलं. विहिरीत वाकून बघितलं."

"येणारच होते मी," मी म्हटलं. "सहज बसले होते."

"हो. सहजच," ते म्हणाले आणि पायाने सायकलचं पेडल उलटं फिरवत राहिले.

चाळिशीला आलेला, कारखान्यात माणसं हाताखाली असलेला तो गडी माझ्यापुढे उभा होता आणि मला त्याच्या जागी चुलीशेजारी पाटी घेऊन बसलेला एक मुलगा दिसत होता. इतकी वर्षं मी समजत होते की त्या घरातून सासूबाईंचा नवरा निघून गेला. ह्यांचे वडील गेले होते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. ह्यांनीही कधी ते बोलून दाखवलं नव्हतं. कुलपाविषयी मी विचारायची तेव्हा ते चाक फिरवत बसायचे.

मी उठले. सायकलच्या हँडलची एक मूठ मी धरली, एक त्यांनी. फाटक बंद होतं आणि त्याच्या बाजूची पायवाट अरुंद होती, एका वेळी एकानेच जाण्याजोगी. ते मागे थांबले, मला आधी जाऊ देण्यासाठी. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." तेही हलेनात. मग मी सायकल त्यांच्या हातात दिली, त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि आम्ही दोघं आडवे होऊन, एकमेकांकडे तोंड करून, मागून सायकल ओढत, त्या फटीतून पलीकडे गेलो.